टंगस्टन मधोमध का जातं : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२५

६ जानेवारी २०२५

विषय आज पक्का झाला. टोकामॅक म्हणजे तप्त प्लाझ्मा, इलेक्ट्रॉन सुटलेला वायू, चुंबकीय क्षेत्रात धरून ठेवणारं कड्याच्या आकाराचं यंत्र. त्याच्या भिंतीवरून सुटलेले परके अणू प्लाझ्मात कसे फिरतात, हे दाखवणारा एकमितीय प्रोग्राम स्वतः लिहायचा. एकमितीय म्हणजे फक्त त्रिज्येच्या दिशेने, मध्यापासून कडेपर्यंत. तयार प्रोग्राम आहेत. स्ट्राल जगभर वापरतात, आणि ऑरोरा तर पायथनमध्ये आहे, कुणीही उतरवून घ्यावा. पण माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "तयार गोष्ट वापरलीस तर आलेख मिळतील, समज नाही मिळणार. आधी तुझं लिही."

वहीच्या पहिल्या पानावर व्याख्या लिहून ठेवली. इंधन म्हणजे ड्युटेरियम आणि ट्रिटियम, हायड्रोजनची दोन जड रूपं. बाकी जे जे आत सापडेल ते सगळं अशुद्धी : भिंतीचं टंगस्टन, ग्रॅफाइटचा कार्बन, चिकटून राहिलेल्या पाण्याच्या अंशातला ऑक्सिजन, कडेचा भाग थंड करायला मुद्दाम सोडलेला निऑन, आणि फ्यूजन झालं, म्हणजे इंधनाची अणुकेंद्रकं जुळली, की तयार होणारा हीलियम.

हलकी अशुद्धी इंधनाची जागा खाते, जड अशुद्धी उष्णता खाते. कार्बनचे सहाच्या सहा इलेक्ट्रॉन गरम प्लाझ्मात निघून जातात, मग तो अणू फारसा प्रकाश टाकू शकत नाही. टंगस्टनचे ७४ असतात. ४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, म्हणजे ४ कोटी ६० लाख अंशांना, त्यातले चाळीस-पंचेचाळीस सुटतात आणि उरलेले तिथे टकरा खात क्ष-किरण बाहेर फेकत राहतात. म्हणून दहा हजार इलेक्ट्रॉनांमागे टंगस्टनचे एक-दोन अणू जमले तरी प्लाझ्मा स्वतःच्या उष्णतेवर पेटता राहणं अशक्य होतं. अणुभट्टी चालवायची तर हे प्रमाण लाखात काही मोजक्या अणूंवर ठेवावं लागतं.

९ जानेवारी

दिवसभर वाचन. प्रिन्स्टनच्या पीएलटी या टोकामॅकमध्ये १९७०च्या दशकात टंगस्टनचा लिमिटर, म्हणजे प्लाझ्माची कड ठरवणारा आतला अडथळा, होता. टंगस्टन मध्यात साचलं आणि तिथे एवढी उष्णता प्रकाशाच्या रूपाने निघून गेली की प्लाझ्माचा मध्य आजूबाजूपेक्षा थंड झाला. तापमानाचा आलेख डोंगरासारखा असायला हवा, तर मधोमध खड्डा. मग कार्बनचा लिमिटर बसवला, आणि १९७८ मध्ये त्याच यंत्राने आयनांचं तापमान सुमारे ६ कोटी अंशांवर नेलं.

त्यानंतर बरीच वर्षं सगळीकडे कार्बन. पण कार्बन ट्रिटियम धरून ठेवतो, आणि ट्रिटियम किरणोत्सारी आणि दुर्मिळ. म्हणून गाडी पुन्हा टंगस्टनकडे वळली. जर्मनीतल्या गार्चिंगच्या अॅस्डेक्स अपग्रेड या टोकामॅकची सगळी आतली भिंत २००७ पासून टंगस्टनची आहे. इंग्लंडच्या जेट या टोकामॅकने २०११ मध्ये डायव्हर्टरला, म्हणजे बाहेर पडणारी उष्णता आणि कण झेलणाऱ्या तळाच्या भागाला, टंगस्टन आणि बाकी भिंतीला बेरिलियम लावलं. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटर या मोठ्या टोकामॅकच्या २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या आराखड्यात तर बेरिलियमही गेलं, पहिली भिंतसुद्धा टंगस्टनचीच होणार. ३,४२२ अंशांना वितळणारा धातू आहे, ट्रिटियम फारसा धरत नाही. म्हणजे टाळायचा मार्ग राहिला नाही. टंगस्टन आत का जातं आणि ते बाहेर कसं ठेवायचं, हे समजून घ्यावंच लागणार.

१४ जानेवारी, गावी

संक्रांतीला घरी आले. तात्यांचं गुऱ्हाळ चालू आहे. सकाळी दोन तास काहिलीजवळ बसले होते. रस तापला की मळी वर येते, भेंडीचं पाणी टाकलं की ती आणखी धरते, आणि गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्याने ती कडेकडेने ओढून काढतो. करडा-हिरवा जाड फेस, त्याला कच्च्या उसाचा वास. खाली रस हळूहळू सोनेरी होत जातो.

तात्यांनी विचारलं, "तुमच्यात मळी कोण काढतंय?" मी म्हटलं, "आमच्याकडं मळी वर येत नाही तात्या, मधोमध जाऊन बसते." ते काहिलीकडे बघत म्हणाले, "मग जाळ मधी नसंल. मधी खळखळून उकळी फुटली की मळी आपोआप कडंला येते बघ."

काहिलीत खरंच तसंच चाललं होतं. लिहून ठेवते आहे.

२० जानेवारी

प्रोग्रामचा गाभा लिहिला. अशुद्धीचा प्रवाह दोन गोष्टींनी ठरतो. एक, जिथे दाटी तिथून विरळ जागेकडे पसरणं. त्याचा गुणक डी. दोन, दाटी असो वा नसो, सरळ आत किंवा बाहेर वाहून नेणारा वेग, तो व्ही. सगळी गुंतागुंत या दोन अक्षरांत कोंबलेली आहे. डी आणि व्ही कुठून येतात, हाच खरा प्रश्न.

२३ जानेवारी

पहिली चाचणी नापास.

आदित्य-यूची लहान त्रिज्या, म्हणजे कड्याच्या नळीची, घेतली, ०.२५ मीटर. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतलं हे यंत्र. मूळ आदित्य १९८९ मध्ये सुरू झालं, भारतात बांधलेला पहिला टोकामॅक. डी १ मीटर वर्ग प्रति सेकंद, व्ही शून्य, कडेला घनता शून्य. अशा वेळी आतली अशुद्धी किती काळाने ओसरते त्याचं उत्तर कागदावर निघतं : त्रिज्येचा वर्ग भागिले ५.७८ गुणिले डी. म्हणजे १०.८ मिलिसेकंद. माझा प्रोग्राम २५.३ सांगतोय. त्रिज्येचे जे तुकडे पाडले त्या घरांची संख्या दुप्पट केली, चौपट केली, तरी २५.३.

२५ जानेवारी

सापडलं. आकडा हलत नव्हता, म्हणजे प्रोग्राम एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर बरोबर देत होता. मग उलटं शोधलं : २५.३ कुठल्या आकाराचं उत्तर आहे? सपाट पाटीचं. मी प्रवाहाचा हिशेब करताना त्रिज्येने गुणायचं विसरले होते. गोल नळीत बाहेरचं प्रत्येक कडं आतल्यापेक्षा मोठं असतं, बाहेर पडायला जास्त जागा मिळते, म्हणून अशुद्धी लवकर निघते. त्रिज्या घातली आणि १०.८ आलं.

हाच हिशेब २ मीटर त्रिज्येच्या ईटरला लावला तर ०.६९ सेकंद. यंत्र मोठं होतं तसा आत शिरलेल्या अणूचा मुक्काम वर्गाने वाढतो, हे आता आकड्यानिशी कळलं.

३० जानेवारी

आज मॅडमनी टेलर यांचं १९६१ चं सूत्र फळ्यावर मांडलं. दुपारपासून दुसरं काही सुचत नाही.

गोष्ट घर्षणाची आहे. चुंबकीय क्षेत्रात कणाला जोर लावला की तो जोराच्या दिशेने जात नाही, काटकोनात सरकतो. मुख्य आयनांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या इंधनाच्या अणूंच्या, दाबाला उतार असतो, त्यामुळे ते क्षेत्राला आडवे वाहतात आणि वाहता वाहता जड आयनांना घासतात. त्या घासण्याचा जोर आडवा, म्हणून सरकणं त्रिज्येच्या दिशेने : जड आयन आत, मुख्य आयन बाहेर. झेड प्रभाराचा एक जड आयन आत आला की झेड मुख्य आयन बाहेर पडतात. चोख अदलाबदल. ती थांबते केव्हा? अशुद्धीची घनता मुख्य आयनांच्या घनतेच्या झेडाव्या घाताइतकी वाढेल तेव्हा.

घात! मी आधी गुणाकार समजले होते. मध्यातली घनता कडेच्या दीडपट आहे असं धरू, अगदी साधारण गोष्ट. कार्बनसाठी दीडचा सहावा घात, ११ पट. टंगस्टनचा प्रभार ४० धरला तर दीडचा चाळिसावा घात : १ कोटी १० लाख पट.

मॅडमना विचारलं, मग आजचा एकही टंगस्टनवाला टोकामॅक चालतो कसा? त्या म्हणाल्या, "दोन कारणं आहेत. एक तू काढ, दुसरं मी सांगेन."

५ फेब्रुवारी

एक कारण सापडलं : खळबळ.

टकरांमुळे होणारं पसरणं, म्हणजे विसरण, फार मंद असतं, त्याचा डी मी ०.०५ धरला. पण प्लाझ्मात लहानमोठे भोवरे सतत उठत असतात. तापमानाचा उतार ठरावीक मर्यादेपेक्षा तीव्र झाला की ते आपोआप जागे होतात. ते सगळं ढवळून काढतात, उष्णताही आणि कणही, आणि त्यांचं विसरण सहज अर्धा-एक मीटर वर्ग प्रति सेकंद असतं. जड आणि हलक्या आयनांत ते फारसा भेद करत नाहीत. आत ओढणारा वेग तोच राहिला आणि डी मात्र ०.०५ ऐवजी ०.५५ झाला, तर घातांक अकराने भागला जातो. १ कोटी १० लाखांचे उरतात ४.४ पट.

दोन सत्रं आम्ही शिकलो की खळबळ फ्यूजनची वैरी, तिच्यामुळे उष्णता गळते, ती कमी करण्यात आयुष्यं गेली. आणि तीच टंगस्टन ढवळून बाहेर काढते. प्लाझ्माची बंदिस्ती, म्हणजे उष्णता आत धरून ठेवणं, जितकी चांगली, तितका कचराही आत चांगला राहतो. हे वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर घालायचं ठरवलं आहे.

(हिशेबात खळबळीचा स्वतःचा व्ही धरलेला नाही. तो असतो, पण प्रभारासोबत फारसा वाढत नाही, म्हणून या टप्प्यावर सोडला.)

७ फेब्रुवारी

परवाच्या उत्साहाला एक दुरुस्ती. खळबळ सगळीकडे सारखी नसते. आतल्या तिसऱ्या हिश्श्यात तापमानाचा उतार सौम्य असतो, तिथे भोवरे निवांत पडून असतात. म्हणून ०.३ त्रिज्येच्या आत खळबळ शून्य केली आणि बाहेर ०.५ ठेवली. मध्य-कडा गुणोत्तर ४.४ वरून १६ वर गेलं. त्यातली चौपटीपेक्षा जास्त वाढ एकट्या आतल्या हिश्श्यात. आलेखात मधोमध बारीक सुळका उभा राहिला. पीएलटीचा खड्डा इथेच पडला असणार : बरोबर या सुळक्याच्या जागी.

मग आत पुन्हा खळबळ चालू केली, जणू मध्यात जास्तीची उष्णता दिली. सुळका बसला. ४.४.

तात्यांचं बोलणं आठवलं. गार्चिंगचे लोक नेमकं हेच करतात : मायक्रोवेव्हचा झोत थेट मध्यावर, इलेक्ट्रॉनांना तापवायला. मध्य तापला की भोवरे जागे होतात आणि मुख्य आयनांचा घनतेचा उतारही थोडा सपाट होतो, म्हणजे ओढही कमी. जेटकडे तसा झोत नव्हता. त्यांनी आयनांना तापवणाऱ्या रेडिओलहरी वापरून मध्य धुतला. काहिलीतली उकळी आणि ही खळबळ यांचं भौतिकशास्त्र निराळं आहे, पण जाळ कुठे लावायचा हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

१२ फेब्रुवारी

वीज गेली, चार तासांचं गणित वाया. आता दर पाच मिनिटांनी फाइल साठवते.

१८ फेब्रुवारी

फ्रान्सच्या वेस्ट यंत्राची बातमी आज आली. १२ तारखेला त्यांनी प्लाझ्मा १,३३७ सेकंद टिकवला, म्हणजे २२ मिनिटं १७ सेकंद. चीनच्या ईस्टचा जानेवारीतला विक्रम १,०६६ सेकंदांचा होता. प्रयोगशाळेत सगळे वेळेबद्दल बोलत होते. माझं लक्ष भिंतीकडे : वेस्ट टंगस्टनचं यंत्र आहे. २२ मिनिटं टंगस्टनच्या सहवासात काढली आणि मध्य बुडाला नाही!

मॅडम म्हणाल्या, "त्यांच्याकडे कणांचा झोत नाही. मध्यात कुणी इंधन टाकत नाही, कुणी प्लाझ्मा फिरवत नाही. तुझ्या सूत्रात घालून बघ." घातलं. मध्यात इंधनाचा पुरवठा नसेल तर घनतेचा उतार सौम्य राहतो. दीडपटीऐवजी १.१ पट धरली तर चाळिसावा घात ४५. तोही खळबळ धरण्याआधी. कोटींचे पंचेचाळीस, केवळ उतार सौम्य केला म्हणून. भिंत स्वच्छ ठेवण्यापेक्षा घनतेचा आकार जपणं जास्त कामाचं आहे, हे माझं आता ठाम मत झालं आहे.

२४ फेब्रुवारी

मॅडमनी दुसरं कारण सांगितलं. तापमानाचा उतार घनतेच्या उताराच्या उलट ढकलतो. कण जितका गरम तितक्या त्याच्या टकरा कमी, त्यामुळे गरम बाजूचे आयन कमी घासतात आणि घर्षणाचा तोल बदलतो. टकरा विरळ असलेल्या प्लाझ्मात या परिणामाचा गुणक सुमारे उणे अर्धा. म्हणजे टंगस्टनची घनता मुख्य घनतेच्या झेडाव्या घाताने वाढते आणि तापमानाच्या अर्ध्या झेडाव्या घाताने घटते.

संध्याकाळी कॅन्टीनच्या बिलामागे हिशेब केला. घनता दीडपट, तापमान तिप्पट, प्रभार ४०. दीड भागिले तीनचं वर्गमूळ, ०.८६६. त्याचा चाळिसावा घात, सुमारे ०.००३. मध्यात कडेपेक्षा तीनशे पटींनी कमी टंगस्टन! तीस जानेवारीला १ कोटी १० लाख होते.

निकाल एवढ्यावर ठरतो : तापमानाची पट घनतेच्या पटीच्या वर्गापेक्षा मोठी आहे का? दीडचा वर्ग २.२५. तापमान २.२५ पटींपेक्षा जास्त वाढलं तर टंगस्टन बाहेर, कमी वाढलं तर आत. आणि दोन्ही बाजूंना चाळिसावा घात लागलेला, त्यामुळे मधलं काही नाही. थोडा फरक पडला की सगळंच उलटतं. ते बिल वहीत चिकटवलं आहे.

३ मार्च

आता खऱ्या अणूंचं काम. आतापर्यंत प्रभार ४० ठोकून दिला होता. प्रत्यक्षात टंगस्टनचा अणू भिंतीवरून प्रभारहीन निघतो आणि आत येता येता एकेक इलेक्ट्रॉन गमावतो. ७५ अवस्था, ७५ समीकरणं, प्रत्येक शेजारणीशी बांधलेली. आयनीकरणाचे, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावण्याचे, दर ॲडास या अणूंच्या माहितीच्या खुल्या कोठारातून घेतले.

दर बघून पहिली गोष्ट लक्षात आली : कडेला पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोसेकंदभरात जातो. प्रोग्रामला मात्र सेकंदभर चालायचं आहे. प्रत्येक पाऊल मायक्रोसेकंदाचं टाकलं तर परीक्षा उलटून जाईल. म्हणून पुढच्या क्षणाची घनता आधीच समीकरणात घेऊन एकत्र सोडवायची पद्धत लावली. पाऊल आता अर्ध्या मिलिसेकंदाचं आहे आणि एकूण अणूंची संख्या दहाव्या दशांश स्थळापर्यंत टिकते.

५ मार्च

दरांचा हिशेब करताना एक सुंदर गोष्ट निघाली. भिंतीवरून ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने उडालेला टंगस्टन अणू सेकंदाला सुमारे २.३ किलोमीटर जातो. मायक्रोसेकंदात २.३ मिलिमीटर. तिथे त्याचा एक इलेक्ट्रॉन जातो आणि चुंबकीय क्षेत्र त्याला पकडतं. २.५ टेस्लाच्या क्षेत्रात त्याच्या घिरटीची त्रिज्या : १.७ मिलिमीटर. म्हणजे पकडल्यावर पहिलीच घिरटी त्याला पुन्हा भिंतीवर नेऊन आपटू शकते. डायव्हर्टरवरून सुटलेल्या टंगस्टनमधला बराच मोठा भाग असा जागच्या जागी परत बसतो. कार्बनच्या घिरटीची त्रिज्या याच्या एक चतुर्थांश असते, त्याला ही सोय फारशी मिळत नाही. टंगस्टन जड आहे म्हणून मध्यात घातक, आणि जड आहे म्हणूनच मुळात कमी सुटतं.

११ मार्च

प्रश्न : स्थिर अवस्थेत प्रवाह शून्य असतो, म्हणून आलेखाचा उतार फक्त व्ही भागिले डी सांगतो. दोघं वेगळे कसे काढायचे?

डी ०.१ घेऊन आणि डी १ घेऊन, व्ही त्याच प्रमाणात बदलून, प्रोग्राम चालवला. शेवटचे आलेख एकावर एक तंतोतंत. पण तिथे पोचायला लागलेला वेळ दहापट वेगळा. म्हणजे काहीतरी क्षणात आत टाकून त्याचा प्रवास बघायला हवा. लोक तेच करतात : काचेवर धातूचा पातळ थर द्यायचा, मागून लेसरचा एक झटका मारायचा, थर उडून प्लाझ्मात जातो. मग कडेच्या, मधल्या आणि गाभ्यातल्या अवस्थांच्या वर्णरेषा कधी उजळतात आणि कशा विझतात ते मोजायचं. उजळण्यावरून आत येणं कळतं, विझण्यावरून मुक्काम. प्रोग्राममध्ये मी हा झटका १ मिलिसेकंदाचा ठेवला. आलेखात आधी कडेची रेष उंचावते, मग तिच्यामागून गाभ्याची, रांगेत.

१७ मार्च

घनता उणे आली.

कडेची पायरी घालायला घेतली होती. चांगल्या बंदिस्तीच्या अवस्थेत प्लाझ्माच्या अगदी काठाशी दोनेक सेंटिमीटरांत घनता आणि तापमान एकदम चढतात. त्या पायरीत खळबळ जवळजवळ बंद असते, उरतात फक्त टकरा. २ सेंटिमीटरांत घनता तिप्पट, तिथला प्रभार २०, तापमान सध्या सपाट, घराची रुंदी अर्धा सेंटिमीटर. चालवलं तर पायरीपाशी आलेख करवतीसारखा दातेरी, आणि मधले दात शून्याच्या खाली.

१९ मार्च

कारण कळलं. दोन घरांच्या सीमेवरची घनता मी दोघांची सरासरी धरत होते. वेग गुणिले घराची रुंदी भागिले डी, हा आकडा २ च्या आत असेल तोवर ते चालतं. पायरीत तो ५.५ होता. ओढ एवढी तीव्र असताना एका घरापासून दुसऱ्यापर्यंत घनता सरळ रेषेत चढत नाही, घातांकाने चढते. मग सरासरीच्या जागी घातांकाचंच सूत्र घातलं, आणि काठाशी घरं दाट केली. दात गेले. पायरीच्या दोन टोकांमधली पट तीनचा विसावा घात यायला हवी होती, ३४९ कोटी. आली.

ही चूक सापडल्याचं मला समाधान आहे. उणे घनता निदान ओरडून सांगते. दात शून्याच्या वर राहिले असते तर तो आलेख मी खरा मानला असता.

२५ मार्च

फिरणारा प्लाझ्मा. जेटमध्ये कणांच्या झोतांनी प्लाझ्मा कड्याभोवती सेकंदाला दोनशे किलोमीटरच्या घरात फिरायचा. ४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला टंगस्टनचा स्वतःचा उष्णतेचा वेग ६५ किलोमीटर. म्हणजे त्याच्या दृष्टीने हे फिरणं तिप्पट वेगाचं. ड्युटेरियमचा उष्णतेचा वेग सहाशेच्या पुढे, त्याला ते जाणवतही नाही. गोल फिरणाऱ्या पाळण्यातल्यासारखं टंगस्टन बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, आणि जेटच्या क्ष-किरण चित्रांत ते उजवीकडे चंद्रकोरीसारखं दिसतं. अशी एका बाजूला दाटी झाली की टकरांची वाहतूक कितीतरी वाढते आणि तापमानाचा अडसर लंगडा पडतो. माझ्या बिलामागच्या नियमाला इथे मर्यादा येते. एका मितीच्या प्रोग्राममध्ये चंद्रकोर बसत नाही. अहवालात मर्यादांच्या भागात पहिल्या क्रमांकावर लिहिलं.

३० मार्च

पाडवा. सुट्टी. घरी फोन केला, गुऱ्हाळ बंद झालं म्हणाले.

३ एप्रिल

पायरीला आता तापमानही दिलं. दोन वेळा चालवलं, दोन्हीकडे घनता तिप्पट, प्रभार २०.

पहिल्यांदा तापमान सातपट, आजच्या यंत्रांत शोभेल असं. तीनचा वर्ग नऊ, सात त्यापेक्षा कमी, म्हणजे ओढ आत. पायरीच्या माथ्यावर काठापेक्षा १२ पट टंगस्टन. अशा यंत्रांना काठावरच्या ठरावीक उद्रेकांवर अवलंबून राहावं लागतं. दर उद्रेकासरशी पायरी कोसळते आणि साचलेलं थोडं धुऊन निघतं.

दुसऱ्यांदा तापमान वीसपट. माथ्यावर काठाच्या सुमारे २,९००वा भाग. पायरी तीच, रुंदी तीच, आणि प्रवाह उलटा. काठावर कितीही टंगस्टन ओतलं तरी आत पाझरत नाही.

ईटरची पायरी ४–५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची असेल अशी अपेक्षा आहे, आणि एवढ्या जाड, गरम काठातून बाहेरून सोडलेला वायू आत शिरत नाही म्हणून घनतेची चढ सौम्य राहील. गार्चिंगच्या लोकांनी खूप बारकाईने केलेल्या गणितांतही हेच आलं आहे : ईटरच्या काठावर टंगस्टनची ओढ बाहेरच्या दिशेला. जेटच्या शेवटच्या वर्षांत, २०२३च्या डिसेंबरात ते कायमचं बंद होण्याआधी, गरम काठाच्या प्लाझ्मात हा अडसर प्रत्यक्ष दिसलाही. मी केलेल्या अडाणी हिशेबाचं टोक तिथपर्यंत पोचतं हे बघून आज प्रयोगशाळेतून उशिरा निघाले. मॅडमना आलेख पाठवला. उत्तर आलं : "छान. आता गुणक उणे अर्ध्याऐवजी उणे पाव धरून चालव, काठाशी टकरा जास्त असतात."

४ एप्रिल

चालवलं. गुणक पाव असेल तर तापमानाची पट घनतेच्या चौथ्या घाताला ओलांडायला हवी. तीनचा चौथा घात ८१. वीस पुरत नाहीत, टंगस्टन पुन्हा आत. घनतेची पट तीनऐवजी दोन केली : दोनचा चौथा घात १६, वीस त्यापेक्षा मोठे, पुन्हा बाहेर. काठाशी घनता किती चढते, यावर सगळं येऊन टेकतं. दोन्ही आलेख शेजारी शेजारी अहवालात घातले.

९ एप्रिल

हीलियम. प्रभार २, म्हणून घातांकाची भीती नाही. दीडचा वर्ग फक्त २.२५. त्याची अडचण वेगळी आहे. तो बाहेरून येत नाही, मध्यातच जन्मतो, ३.५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊन. ती ऊर्जा प्लाझ्माला दिली की त्याचं काम संपलं, मग ती राख बाहेर जायला हवी. प्लाझ्मात उष्णता जितका वेळ टिकते त्याच्या पाच ते दहापटींपेक्षा जास्त वेळ हीलियम रेंगाळला तर इंधन पातळ होऊन आग विझते. टंगस्टनला आत येऊ द्यायचं नाही आणि हीलियमला आत राहू द्यायचं नाही. खळबळ या दोन्ही कामांना लागते.

मध्यात उगम घातला, काठावरून परत येणाऱ्यांचा हिस्सा बदलता ठेवला. पहिले आलेख ठीक दिसत आहेत.

१४ एप्रिल

अहवालाचा कच्चा मसुदा मॅडमकडे दिला. प्रोग्राम ६१० ओळींचा झाला. बाकी आहे ते : खळबळीचा स्वतःचा व्ही घालणं, हीलियमचा पंप नीट मांडणं, आणि त्याच आकड्यांवर ऑरोरा चालवून माझ्या आलेखांशी ताडून बघणं. ऑरोरा आज रात्री उतरवून ठेवते आहे. सुरुवात १०.८ मिलिसेकंदांच्या चाचणीपासूनच करणार.